आमचा वीर गडावर पडला

गडाचा इतिहास सांगा म्हणून कोणी मागं लागलं की मी आधी विचारते, कोणता सांगू? वरच्या पाटीवरचा की खालच्या पाड्यातला? माणूस गोंधळतो. गोंधळू दे. आम्ही बरीच वर्षं गोंधळलेलो आहोत, थोडा वाटा त्यानंही घ्यावा.

पाटीवरचा इतिहास सोपा आहे. जव्हारच्या राजांनी घाटवाटेवर नजर ठेवायला डोंगरावर गड बांधला, पाण्याची टाकी खोदली, दरवाजा उभारला, मग लढाया झाल्या आणि शेवटी गड ओस पडला. पाड्यातला इतिहास त्याहून लहान आहे. कोण कुठं पडलं, एवढाच. दरवाजाच्या आत गवंड्याची पायरी आहे, तिथं गवंडी पडला. पुढं म्हातारीचं टाकं, त्यात दगड वाहणारी म्हातारी पाण्याला वाकली ती वर आली नाही. पलीकडं नवरीचा कडा. राजाचं नाव काय होतं ते आमच्यात कोणाला ठाऊक नाही, पण म्हातारी टाक्यात कोणत्या अंगानं पडली ते कोणीही दाखवील.

गडावर वागायच्या रीतीही ठरलेल्या. टळटळीत दुपारी तिथं थांबायचं नाही. उतरताना मागं वळून बघायचं नाही. आणि वर असेपर्यंत कोणाला नावानं हाक मारायची नाही. "ए, इकडं ये" म्हणायचं, फार तर शीळ घालायची. का, तर टाकी हाका ठेवून घेतात आणि पुढं कधीतरी परत मारतात, तेव्हा ओ दिली की संपलं. मी अंगणवाडी चालवते, पोषण आहार आणि लसीकरण यांत माझा दिवस जातो, असल्या गोष्टींवर माझा विश्वास आहे का असं विचाराल तर मी चिडेन. पण गडावर मी आजवर कोणाचं नाव घेतलेलं नाही. इथंही घेणार नाही.

माझा थोरला भाऊ तिथंच पडला. पावसाळा सरत आला होता. एक बकरी वर राहिली होती, ती आणायला तो गेला आणि दरवाजाजवळच्या शेवाळावरून त्याचा पाय घसरला. लग्न व्हायचं होतं त्याचं. मी तेव्हा सातवीत होते. बकरी दिवस मावळायच्या आत आपली आपण घरी आली, पण तिचा गळा मोकळा होता. भावानं तिच्यासाठी बांबूची घंटा केली होती, आत लाकडाची जीभ. आवाज टोक टोक असा, बसका. ती घंटा आम्ही सगळ्या उतारावर शोधली, मिळाली नाही.

आमच्यात कोणी असा अवेळी गेला की त्याचा वीर बसवतात. म्हणजे त्याच्या नावचा दगड कोरून घेतात आणि गावाच्या शिवेवर उभा करतात, मग तो भटकत नाही, एका जागी बसतो. भगतानं कौलासाठी तांदूळ टाकून पाहिले आणि म्हणाला, हा खाली यायला तयार नाही, वरच दरवाजापाशी बसवा. वीर दगडावर नेहमी घोड्यावर बसलेला दाखवतात. आमच्या कोणाच्या बापानं कधी घोडा पाळला नाही, पण रीत ती रीत. पाथरवटानं घोडा काढला, वर चंद्र-सूर्य काढले आणि आईनं सांगितलं म्हणून हातात काठी दिली, बकऱ्या हाकायची. एकदा बसवला की त्याला पोरगा म्हणायचं नाही, परक्यापुढं तर नाहीच. ऐकलं की तो उठून मागं येतो. मग आई त्याला "आमच्या घरचा वीर" म्हणायला लागली.

वीराचं मागणं फार नसतं. नवं भात झोडून झालं की त्याचा पहिला घास त्याला द्यायचा, मग घरानं खायचं. आई नव्या तांदळाचा भात करायची, मोखाड्याच्या बाजारातून आणलेले सुके बोंबील भाजायची, बाटलीत थोडी मोहाची घ्यायची आणि आम्ही दोघी वर जायचो. पळसाच्या पानावर भात वाढून पान दगडाला टेकवायचं, मोहाची शिंपडायची आणि पाठ फिरवायची. जेवणाऱ्याच्या तोंडाकडं बघत नाहीत, वीराच्या तर मुळीच नाही. आई पाठ करून उभी राहायची, मान जरा तिरपी करून, आणि थोड्या वेळानं म्हणायची, "वाजली. जेवला." मग आम्ही मागं न बघता उतरायचो.

तिला ती घंटा ऐकू यायची. खालच्या रानात गुरं चारणाऱ्या दोन-चार गुराख्यांनाही कधी ऐकू आलेली आहे. मला नाही. दर वर्षी मी कान टवकारून उभी राहायचे आणि मला वाऱ्याशिवाय काही ऐकू यायचं नाही. सख्खी बहीण मी त्याची. त्याच्या खांद्यावर बसून दाभोशाला धबधबा बघायला गेलेली. राग यायचा मला, त्याचा.

मग ठाण्याकडची गडप्रेमी मंडळी यायला लागली. रविवारी पहाटे गाड्या आमच्या पाड्यात लागायच्या, सगळ्यांच्या अंगात एकसारखे भगवे शर्ट, हातात फावडी आणि घमेली. खोटं कशाला बोलू, माणसं कामाची होती. म्हातारीच्या टाक्यातला गाळ त्यांनी हातानं उपसला. वाट नीट केली. फक्त वर गेले की एकमेकांना नावानं हाका मारायचे, इतक्या मोठ्यानं की खाली अंगणात मला ऐकू यायच्या, आणि मी मनात म्हणायचे, ठेवून घेतंय बरं टाकं.

त्यांचा म्होरक्या चष्मेवाला, चाळिशीचा, मोठ्या कंपनीत कामाला. मला ताई म्हणायचा आणि आईला आजी. एकदा आमच्या ओट्यावर कोरा चहा पिता पिता त्यानं विचारलं, "आजी, दरवाजापाशी तो दगड आहे, तो कोणाचा?"

आई म्हणाली, "आमच्या घरचा वीर हाय. गडावर पडला."

तो एकदम सरळ बसला. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "गडावर पडला," तो हळूच म्हणाला. मला तेव्हा वाटलं त्याला वाईट वाटलं. नंतर कळलं की आई पडला म्हणाली ते पाय घसरून, आणि त्यानं ऐकलं ते लढाईत. घोडा होता, चंद्र-सूर्य होते, हातातली काठी त्याला तलवार दिसली. दगड जुना दिसत होता, पण आमच्याकडं पाऊस असा पडतो की चार पावसाळ्यांत माझी अंगणवाडीसुद्धा राजाच्या काळातली दिसायला लागली.

त्याच बैठकीत त्यानं मोबाइलवर आम्हाला जर्मनीतला एक गड दाखवला. कंपनीनं त्याला तिकडं पाठवलं होतं. डोंगराच्या टोकावर उभा, बुरूज शाबूत, खाली नदी, सगळीकडं दिवे लावलेले. आठशे-नऊशे वर्षं झाली म्हणाला, पण एक चिरा हलू देत नाहीत, नाहीतर आपण. आईनं मोबाइल डोळ्यांजवळ धरला.

"इथं कोण राहतं?" तिनं विचारलं.

"आता कोणी नाही आजी. तिकीट काढून बघायला जातात. एका बुरुजात पांढऱ्या कपड्यातली बाई दिसते म्हणतात. जुन्या सरदाराची बायको होती, तिला तिथंच कोंडलं होतं. लोक मुद्दाम तिच्यासाठी येतात."

आईनं मोबाइल परत दिला. "तिला वाढतं कोण?"

तो हसला. त्याला वाटलं आजी गमतीनं बोलतेय. मला मात्र हसू आलं नाही, कारण आईचा चेहरा मी बघत होते. त्या लांबच्या बाईची तिला खरंच काळजी लागली होती.

पुढच्या पावसाळ्यानंतर आम्ही नवं घेऊन वर गेलो तर वीराभोवती लोखंडी जाळी, जाळीला दार आणि दाराला कुलूप. बाजूला पाटी. गडाचं रक्षण करताना धारातीर्थी पडलेला अज्ञात वीर, असं काय काय वर लिहिलेलं आणि खाली लाल अक्षरांत, पावित्र्य राखा, मद्य, मांस व खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई. मी पाटी आईला वाचून दाखवली. तिनं दोनदा वाचायला लावली. मग जाळीतून हात घालून बघितला. दगडापर्यंत तो पोचला नाही. माझाही पोचला नाही. तिनं पान जाळीच्या बाहेरच ठेवलं, आम्ही पाठ फिरवली आणि उभ्या राहिलो.

बऱ्याच वेळानं तिनं विचारलं, "वाजली?"

आदल्या वर्षापासून तिला कमी ऐकू यायला लागलं होतं. आता माझ्या कानांवर तिची मदार होती, आणि माझे कान कसले ते मी सांगितलंच आहे. हो म्हणायचा विचार मनात आला. पण आईशी खोटं बोलले की माझं तोंड मला फितूर होतं. मी नाही म्हणाले. घरी आल्यावर ती म्हणाली, "नवं कणगीतच राहू दे. तो उपाशी हाय, मी कशी खाऊ?" आणि वर्षभर रेशनचा तांदूळ खाल्ला. मलाही नवा भात घशाखाली उतरेना. नवरा माझा साखरशेतचा, जीप चालवतो, लग्न झाल्यावर मी त्यालाच इकडं आणला. तो म्हणाला, जावयाला वीर लागत नाही, आणि पोटभर जेवला. आई पण त्यावर हसली, तेवढंच.

दुसऱ्या वर्षी तेच. तोवर आई इतकी वाळली होती की बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. मी म्हणाले, मी जाऊन त्या चष्मेवाल्याला सगळं खरं सांगते. तिनं माझा हात धरला.

"सांगू नको. लढाईतला नाय हे कळलं तर उपटून फेकतील. मग तो कुठं बसंल?"

सांगावं तर दगड जायचा, न सांगावं तर घास जायचा. एका रविवारी मी नुसतं कुलूप काढा म्हणाले, तर भगव्या शर्टातली एक कॉलेजची पोरगी मला समजावायला लागली की ताई, ही पवित्र जागा आहे, इथं दारू-मासळी कशी चालेल, तो आपल्यासाठी लढला. मी तिला असं काही बोलणार होते की तिनं परत डोंगर चढला नसता. आईसाठी गिळलं.

मग दुपारचं सुरू झालं. एकदा अंगणवाडी उरकून घरी आले तर दार सताड उघडं आणि आई उंबऱ्याशी बसून बाहेर कोणाशी तरी बोलत होती. "माझ्या हातात असतं तर दिलं नसतं काय? कुलूप हाय रे." बाहेर कोणी नव्हतं. अंगणात ऊन होतं आणि ओल्या बकरीचा वास होता. बकऱ्या आम्ही भाऊ गेला त्याच साली विकल्या. मी आत जाऊन पाणी प्यायले, तोंड धुतलं, तरी तो वास माझ्या नाकातून दिवसभर गेला नाही. भीती वाटली मला, उगीच का लपवू. त्यानंतर दुपारी घराकडं येताना मी लांबूनच मोठ्यानं खोकायला लागले, म्हणजे जो कोणी असेल त्याला उठून जायला वेळ मिळावा.

यंदा भात झोडून झालं आणि चष्मेवाला स्वतः घरी आला. वीराच्या घराण्याचा सन्मान करायचा होता, गडावर, सगळ्यांसमोर. आजींना आणाल का? मी नाही म्हणायला तोंड उघडलं तेवढ्यात आई म्हणाली, "येते."

त्या रविवारी सकाळी तिनं नव्या तांदळाचा भात केला. बोंबील भाजले. सगळं पळसाच्या पानात बांधून पदराखाली धरलं आणि बाटली माझ्या पिशवीत टाकली. वाटेत ती चार ठिकाणी बसली, पण पदराखालचा हात तिनं सोडला नाही.

वर माणसंच माणसं. झेंडे लावले होते, जाळीला झेंडूच्या माळा होत्या, एक छोटा माइकही होता. घोषणा झाल्या, त्या टाक्यांतून परत आल्या. आईला खुर्ची दिली, शाल पांघरली, नारळ हातात दिला. नारळ धरायला तिला हात मोकळा नव्हता, तो मी घेतला. मग कोणीतरी म्हणालं, आजींनी दोन शब्द बोलावेत. चष्मेवाला माझ्या कानाशी आला, "ताई, आजींची भाषा सगळ्यांना कळणार नाही. तुम्ही शुद्ध मराठीत सांगा."

आई उठली. माइकपासून तोंड लांबच ठेवून घरच्या बोलीत बोलली, थांबत थांबत, आणि प्रत्येक वाक्याला माझ्याकडं बघत राहिली. मी सांगत गेले.

"आई म्हणते, हा माझा मुलगा आहे."

पुढच्या रांगेतली माणसं कौतुकानं हसली. त्यांना वाटलं म्हातारी मायेनं बोलतेय.

"आई म्हणते, खरोखरचा. मी जन्म दिलेला. ही उभी आहे तिचा भाऊ. तो कोणाशी लढला नाही, त्याला भांडता येत नव्हतं. बकरी आणायला वर आला, पाय घसरला, पडला. हातात आहे ती काठी आहे. तुम्ही त्याला माळा घालता, त्याच्या नावानं ओरडता, तुमचं चांगलं होवो. पण माळांनी पोट भरत नाही. दोन वर्षं तो उपाशी आहे आणि मीही नवं खाल्लेलं नाही. मी त्याचं जेवण आणलंय. कुलूप काढा. दगड उपटायचा असेल तर मी मेल्यावर उपटा."

शेवटच्या वाक्याला माझा आवाज फाटला. अंगणवाडीत जो आवाज पोरांना टरकावतो तोच.

मागं एक जण कुजबुजला, म्हणजे हा दगड जुना नाहीच, आणि चष्मेवाल्यानं मागं न बघता हात वर करून त्याला गप्प केलं. तो पाटीकडं बघत होता. पाटीवरचा मजकूर त्यानंच लिहिलेला. मग त्यानं खिशातून किल्ली काढली, पायातले बूट काढले आणि जाळीचं दार उघडलं.

आई आत गेली. पदराखालचं पान काढून दगडाला टेकवलं, पसरलं, बोंबील कडेला ठेवले. दगडाच्या घोड्यावरून, काठीवरून तिनं हात फिरवला. मी बाटली दिली, तिनं शिंपडली. मग बाहेर येऊन मला म्हणाली, "यांना सांग पाठ फिरवायला. तो लाजतो."

मी सांगितलं. आणि ती सगळी माणसं, भगव्या शर्टातली, झेंडे धरलेली, मला समजावणारी ती कॉलेजची पोरगीसुद्धा, दरीकडं तोंड करून उभी राहिली. एवढ्या माणसांत गड एवढा गप्प मी कधी पाहिला नव्हता. झेंड्याचं कापड फडफडत होतं. कुठंतरी कोणाचा मोबाइल थरथरला आणि थांबला. मी डोळे मिटून ऐकत होते. इतका जीव ओतून मी आयुष्यात काही ऐकलं नसेल.

आईनं माझ्या कोपराला हात लावला. "वाजली?"

मी मान हलवली. नाही.

तिनं शाल नीट केली आणि ती उतरायला लागली. मीही मागून उतरले. आमच्या दोघींपेक्षा तो दगड बरा, त्याला निदान माळा तरी होत्या, असं काहीतरी कडू माझ्या मनात चाललं होतं. दोन वर्षांनी कुलूप निघालं होतं आणि तरी तो जेवला नव्हता. आई घरी येऊन ओट्यावर भिंतीला टेकून बसली आणि तिनं डोळे मिटले.

जरा वेळानं चष्मेवाला आला. बूट अजून हातातच. किल्ली आईच्या पुढ्यात ठेवली. ही तुमच्याकडंच राहू द्या म्हणाला, पाटी मी बदलतो, दगड कोणी हलवणार नाही. मग जायला उठला आणि घुटमळला.

"ताई, एक सांगायचं राहिलं. आजींना सांगू नका हवं तर, वाईट वाटेल. आम्ही पाठ करून उभे होतो ना, तेव्हा मागं कोणाचं तरी जनावर आलं होतं. आजींनी वाढलेलं त्यानं खाल्लं असणार. हाकलावं असं फार वाटलं, पण तुम्ही वळू नका म्हणालात."

"वळला नाहीत, तर जनावर कशावरून?"

"गळ्यात काहीतरी वाजत होतं की. घंटा नाही, लाकडाचं असावं. टोक टोक. तुम्हाला ऐकू नाही आलं?"

गडावर जनावरं नेणं आमच्या पाड्यानं भाऊ पडला त्या साली सोडलं ते सोडलं. हे मी त्याला सांगितलं नाही. माझ्या भावाची घंटा, आणि वाजली ती ठाण्याच्या माणसासाठी. तो गेल्यावर आईच्या कानाशी वाकले आणि तो बोलला ते तसंच्या तसं, घरच्या बोलीत, तिला सांगितलं.

तिनं डोळे उघडले. दाराबाहेर, गडाकडं, बराच वेळ बघत राहिली.

"मग उभी काय राहिलीस," ती म्हणाली. "कणगी उघड. नव्याचा भात टाक. मला भूक लागलीय."